आतड्याच्या दाहाचा आजार आणि रक्ताच्या तपासण्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्सचं निदान झालं की रक्ताच्या रिपोर्टांची फाइल फुगत जाते. त्यातल्या कुठल्या आकड्याकडे लक्ष द्यायचं, कुठल्याकडे खुशाल कानाडोळा करायचा आणि कुठला आकडा मुळात आजाराबद्दल बोलतच नसतो, याबद्दल रुग्ण आणि घरचे लोक जे प्रश्न विचारतात ते इथे घेतले आहेत. निदान आधीच झालं आहे असं धरून ही उत्तरं लिहिली आहेत.

रक्ताच्या तपासणीतून आतड्यात दाह किती आहे ते थेट कळतं का?

थेट कळत नाही. रक्तात आपण जे मोजतो ते बहुतेक यकृताने दिलेलं उत्तर असतं. आतड्याच्या भिंतीत दाह पेटला की तिथल्या पेशी इंटरल्यूकिन-६, टीएनएफ यांसारखे संदेश रक्तात सोडतात. ते यकृतापर्यंत पोचले की यकृत काही प्रथिनं भराभर बनवू लागतं आणि काहींचं उत्पादन कमी करतं. सीआरपी वाढतो, अल्ब्युमिन घटतं. पण हाच संदेश न्यूमोनियातून येऊ शकतो, दाताच्या गळवातून येऊ शकतो, सांध्यांतूनही येऊ शकतो. पत्ता कुठला हे यकृताला कळत नाही, म्हणून रिपोर्टलाही कळत नाही.

म्हणून रक्ताचा आकडा एकटा वाचायचा नसतो. लक्षणं, शौचाची तपासणी, गरजेप्रमाणे कोलोनोस्कोपी किंवा स्कॅन आणि मुख्य म्हणजे तुमचेच जुने आकडे, यांच्या शेजारी ठेवून तो वाचायचा.

सीआरपी म्हणजे नेमकं काय?

सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. न्यूमोकॉकस जंतूच्या ‘सी’ नावाच्या शर्करेला ते चिकटत होतं, त्यावरून हे नाव पडलं. आतड्याच्या आजाराशी त्याचा तेव्हा काहीच संबंध नव्हता.

आपल्या दृष्टीने त्याचा सर्वांत उपयोगी गुण म्हणजे वेग. दाह सुरू झाल्यावर काही तासांत ते वाढायला लागतं आणि दाह थांबला की साधारण १९ तासांत निम्मं होतं. त्यामुळे काल-परवा काय चाललं होतं ते आजच्या सीआरपीत दिसतं. दाह दाखवणाऱ्या इतर बहुतेक मार्करांना हे जमत नाही. बहुतेक प्रयोगशाळा ५ मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंतचा आकडा नॉर्मल धरतात, काही १० पर्यंत.

मला जुलाब, पोटदुखी, रक्त सगळं आहे, पण सीआरपी नॉर्मल. मग आजार नाही असं समजायचं का?

अजिबात नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

सीआरपी सगळ्यांच्या बाबतीत सारखा बोलका नसतो. क्रोन्समध्ये दाह आतड्याच्या भिंतीच्या सगळ्या थरांत उतरतो, आतड्याभोवतीची चरबीही त्यात सामील होते, त्यामुळे सीआरपी बऱ्यापैकी चढतो. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये दाह मुख्यतः आतल्या अस्तरापुरता असतो. तो फक्त गुदाशयापुरता असेल, तर रोज रक्त पडत असूनही सीआरपी ढिम्म हलत नाही. क्रोन्समध्येही फक्त लहान आतड्याच्या टोकाला दाह असलेल्या काही जणांचं असंच होतं. शिवाय सीआरपी किती बनवायचा हे काही अंशी जनुकांवर ठरतं. सारख्याच दाहाला एकाचं यकृत ६० चा आकडा देतं, तर दुसऱ्याचं ४.

म्हणून पहिला प्रश्न असा हवा: माझा सीआरपी आजाराबरोबर हलतो का? हे शोधणं अवघड नाही. कोलोनोस्कोपीत दाह स्पष्ट दिसला होता, तेव्हाचा रिपोर्ट फाइलमधून काढा. त्या आठवड्यात सीआरपी ४० होता आणि उपचारांनंतर ३ झाला, तर तुमचा सीआरपी विश्वासाचा आहे. पुढे तो १८ दिसला तर लक्ष द्यायलाच हवं. पण आतड्यात जखमा दिसत असतानाही तो २ असेल, तर पुढे कितीही वेळा २ आला तरी त्यावर समाधान मानू नका. तुमच्यासाठी शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्यातल्या दाहाबरोबर शौचात वाढणारं प्रथिन) आणि कोलोनोस्कोपी हेच खरे साक्षीदार.

डॉक्टर बदलताना हीच माहिती हटकून गळते. नव्या डॉक्टरांना ‘फ्लेअरमध्येही, म्हणजे आजार उसळलेला असतानाही, माझा सीआरपी वाढत नाही’ हे एक वाक्य सांगितलंत, तरी त्यांचं बरंच काम सोपं होईल.

मला काहीच त्रास नाही, तरी सीआरपी वाढलेला आला. फ्लेअर येतोय का?

कदाचित. पण आधी साधी कारणं बघा. गेल्या आठवड्यात सर्दी-ताप, दाढदुखी, लघवीची जळजळ, एखादी लस, पडझड किंवा शस्त्रक्रिया? जास्त वजनामुळे आणि गर्भनिरोधक गोळ्यांमुळेही सीआरपी थोडा वर राहतो. आकडा किंचित वाढलेला असेल आणि तब्येत ठीक असेल, तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणं आणि सोबत कॅलप्रोटेक्टिन करणं हा शहाणपणाचा मार्ग. दोन्ही वर असतील तर मात्र ‘मला तर बरं वाटतंय’ म्हणून सोडून देऊ नका. क्रोन्समध्ये लक्षणांच्या आधी दाह परत येणं मुळीच दुर्मीळ नाही.

उलट सीआरपी एकदम १०० च्या पुढे गेला, तर नेहमीच्या फ्लेअरच्या जोडीला संसर्गाचा संशय घ्यावा लागतो. क्रोन्समध्ये पोटात गळू, कोलायटिसमध्ये क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल हा जंतू किंवा सीएमव्ही विषाणू. तपासण्याआधीच घरात उरलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू करणं अशा वेळी खरोखर धोक्याचं ठरतं.

एका लॅबने ०.९ दिलं, दुसऱ्या लॅबने ९. चूक कोणाची?

बहुधा कोणाचीच नाही. एक लॅब मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजते, दुसरी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. फरक दहापट. आकड्यापुढचं एकक वाचल्याशिवाय जुन्या-नव्या रिपोर्टांची तुलना करू नका. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासण्या करा. या एककांच्या गोंधळात कित्येकांचा जीव विनाकारण टांगणीला लागतो.

एचएस-सीआरपी करून घ्यावा का? तो जास्त अचूक असतो ना?

प्रथिन तेच, पण पद्धत अगदी कमी पातळ्या मोजण्यासाठी बनवलेली, मुख्यतः हृदयविकाराच्या जोखमीसाठी. आतड्याच्या आजारावर नजर ठेवायला साधा सीआरपी पुरतो.

ईएसआर इतका जुना आहे, तरी अजून का सांगतात?

सवयीने, हे अर्धं उत्तर. पोलंडचे डॉक्टर एडमंड बिएर्नात्स्की यांनी १८९७ मध्ये ही तपासणी मांडली आणि वेस्टरग्रेनची नळी १९२० च्या दशकापासून चालत आली आहे. उभ्या नळीत ठेवलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी एका तासात किती मिलिमीटर खाली बसतात, एवढंच ती मोजते. दाहात फायब्रिनोजेन वाढतं, त्यामुळे तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि जड होऊन लवकर तळाला जातात.

अडचण अशी की हा वेग इतर अनेक गोष्टींनीही बदलतो. रक्तक्षय असेल तर वाढतो, वयाबरोबर वाढतो, गरोदरपणात वाढतो. ढोबळ हिशेब असा की पुरुषांत वयाच्या निम्म्यापर्यंत आणि स्त्रियांत वयात १० मिळवून त्याच्या निम्म्यापर्यंतचा ईएसआर चालतो. ६० वर्षांच्या बाईंचा ३२ म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. शिवाय दाह शमल्यावरही तो आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. सीआरपी उतरला आणि ईएसआर अजून वर आहे, तर सीआरपीवर विश्वास ठेवा. पण सीआरपी कधीच वाढत नाही अशा काही जणांत ईएसआर आजाराबरोबर हलतो आणि त्यांच्यासाठी तो अजूनही कामाचा आहे. मुलांच्या क्रोन्ससाठी वापरल्या जाणाऱ्या गुणांकनातही ईएसआर आणि अल्ब्युमिन आहेत.

हिमोग्लोबिन कमी आहे, पण फेरिटिन नॉर्मल. मग लोहाची कमतरता नाही ना?

असू शकते. ही जागा नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण इथे रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहून येतं आणि रुग्ण महिनोन्‌महिने थकलेला राहतो.

फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाचा साठा, हे खरं. पण दाह असताना फेरिटिन आपोआप वाढतं, साठा रिकामा होत आला असला तरी. म्हणून दाह शांत असताना ३० मायक्रोग्रॅम प्रति लिटरपेक्षा कमी फेरिटिन म्हणजे लोहाची कमतरता. पण दाह चालू असेल तर ही रेघ थेट १०० पर्यंत वर न्यावी लागते. सीआरपी ३५ आणि फेरिटिन ७० असेल, तर लॅबच्या कागदावर काही खूण नसली तरी लोह कमी असण्याची शक्यता मोठी. सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती टक्के भरलेलं आहे, ते बघतात. ते २० टक्क्यांच्या खाली असेल तर पेशींपर्यंत लोह नीट पोचत नाही. फेरिटिन १०० च्या वर आणि सॅच्युरेशन २० च्या खाली असेल, तर तो दीर्घ आजारामुळे आलेला रक्तक्षय. दोन्ही प्रकार एकाच माणसात एकत्रही असतात.

दीर्घ आजारात असं का होतं? दाहामुळे यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त बनवतं. हेप्सिडिन आतड्यातून लोह शोषू देत नाही आणि साठ्यातलं लोहही बाहेर पडू देत नाही. आजार भरात असताना लोहाच्या गोळ्या पचत नाहीत आणि लागूही पडत नाहीत, त्याचं एक कारण हे. म्हणून दाह चालू असेल किंवा हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल, तर शिरेतून लोह देणं जास्त योग्य मानतात.

रक्तक्षयाकडे ‘आजाराबरोबर चालायचंच’ म्हणून बघणं मला अजिबात पटत नाही. दम लागणं, डोकं जड होणं, कामात लक्ष न लागणं यातलं बरंच काही लोह भरून काढल्यावर जातं, आतडं पूर्ण बरं व्हायच्या आधीच.

लहान आतड्याच्या शेवटच्या भागात क्रोन्स असेल किंवा तो भाग कापून काढला असेल, तर बी-१२ सुद्धा तपासत राहायला हवं. ते तिथेच शोषलं जातं.

प्लेटलेट्स साडेपाच लाख आल्या. रक्ताचा काही गंभीर आजार तर नाही?

या आजारात प्लेटलेट्स वाढणं नेहमीचं आहे. दाहामुळे वाढतात आणि लोहाच्या कमतरतेमुळेही वाढतात. दोन्ही सुधारल्यावर सहसा खाली येतात. दोन्ही ठीक होऊनही आकडा वरच राहिला, तर मात्र वेगळा विचार करावा लागतो. फ्लेअरमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो तो मात्र खरा, म्हणून रुग्णालयात दाखल केल्यावर शौचातून रक्त पडत असतानाही गुठळ्या रोखणारं इंजेक्शन देतात. ते पाहून घरचे घाबरतात, पण ते विचारपूर्वक दिलेलं असतं.

पांढऱ्या पेशी वाढल्या तर दाह वाढला का?

स्टेरॉइड चालू असेल तर त्यानेच पांढऱ्या पेशी वाढतात. प्रतिकारशक्ती दाबणारं अॅझाथायोप्रिन हे औषध चालू असेल तर त्या कमी होतात. दाह मोजायला हा आकडा कच्चा. तो प्रामुख्याने औषध सुरक्षित चाललंय का हे बघायला असतो.

अल्ब्युमिन कमी आहे, म्हणजे मी प्रथिनं कमी खातो का?

खाणं कमी झालं असेल तर त्याचा वाटा असू शकतो. पण फ्लेअरमध्ये अल्ब्युमिन घसरतं ते मुख्यतः दोन कारणांनी: यकृत त्याचं उत्पादन कमी करतं आणि सुजलेल्या आतड्यातून ते गळून जातं. अल्ब्युमिनचं अर्धायुष्य सुमारे २० दिवस, म्हणून सुधारणाही सावकाश दिसते. आठवड्याभरात तो आकडा वर आला नाही म्हणून औषध लागू पडत नाही असं ठरवू नका.

अल्ब्युमिनला एक दुसरंही महत्त्व आहे. इन्फ्लिक्सिमॅबसारखी औषधं ही प्रतिपिंडं असतात. प्रतिपिंडं आणि अल्ब्युमिन या दोघांना शरीरात मोडण्यापासून वाचवणारा पेशींवरचा ग्राहक (रिसेप्टर) एकच आहे, आणि आतड्यातून दोन्ही गळतात. त्यामुळे अल्ब्युमिन खूप कमी असलेल्या रुग्णात औषधही लवकर संपतं आणि नेहमीचा डोस कमी पडण्याची शक्यता असते.

मग शौचातलं कॅलप्रोटेक्टिनच का करू नये? रक्त हवंच कशाला?

आतड्याच्या दाहासाठी कॅलप्रोटेक्टिन सीआरपीपेक्षा सरस आहे, यात वाद नाही. ते आतड्यात उतरलेल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींतूनच येतं, यकृताची मध्यस्थी नाही. मोठ्या आतड्याच्या आजारात ते विशेष चांगलं. पण त्याचेही स्वभावदोष आहेत. एकाच माणसात दिवसागणिक आकडा बदलतो, पोटातल्या साध्या संसर्गाने वाढतो, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी वाढतो. फक्त लहान आतड्यात क्रोन्स असेल तर कधी कधी कमी येतो.

सर्वसाधारणपणे १०० च्या खाली दिलासा, २५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर दाहाचा दाट संशय, आणि मधल्या पट्ट्यात थांबून पुन्हा तपासणी. शिवाय रक्तक्षय, अल्ब्युमिन, यकृत, मूत्रपिंड यांच्याबद्दल शौचाचा नमुना काही सांगत नाही. दोन्ही करायचे ते यासाठी.

पी-एएनसीए आणि एएससीए दर वर्षी करायचे का?

नको. ही प्रतिपिंडं कोलायटिस की क्रोन्स याचा अंदाज घ्यायला कधी तरी उपयोगी पडतात. आजार आज किती सक्रिय आहे हे त्यातून कळत नाही. ती पुन्हा पुन्हा मोजण्यात फक्त पैसे जातात.

उपचार सुरू केल्यावर आकडे किती दिवसांत सुधारायला हवेत?

औषधावर अवलंबून आहे. स्टेरॉइड किंवा इन्फ्लिक्सिमॅबने सीआरपी काही दिवसांत ते दोन आठवड्यांत उतरलेला दिसतो. सावकाश चालणाऱ्या औषधांत महिने लागतात. उपचारांची उद्दिष्टं ठरवणाऱ्या स्ट्राइड-२ या आंतरराष्ट्रीय शिफारशी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यात सीआरपी नॉर्मल होणं आणि कॅलप्रोटेक्टिन १०० ते २५० च्या पट्ट्यात येणं हे मधल्या टप्प्याचं उद्दिष्ट मानलं आहे. लांबचं उद्दिष्ट आतड्याचं अस्तर भरून येणं.

आकड्यांवर बोट ठेवून उपचार वाढवण्याचा फायदा होतो का, याला बरं उत्तर क्रोन्सच्या रुग्णांवर झालेल्या ‘काम’ (CALM) या चाचणीने २०१७ मध्ये दिलं. एका गटात फक्त लक्षणं पाहून औषध वाढवलं. दुसऱ्यात लक्षणांबरोबर सीआरपी ५ किंवा कॅलप्रोटेक्टिन २५० गाठलं तरी वाढवलं. ४८ आठवड्यांनी अस्तर भरून आलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात ३० टक्के, दुसऱ्यात ४६ टक्के. बरं वाटत असताना डॉक्टर डोस वाढवायला सांगतात तेव्हा बहुतेकांना राग येतो, आणि तो समजण्यासारखा आहे. पण त्यामागचा हिशेब हा आहे.

तीव्र कोलायटिससाठी दाखल केलं. आता रोज रक्त का काढतात?

कारण इथे निर्णयाला वेळ कमी असतो. ट्रूलव्ह आणि विट्स यांनी १९५५ मध्ये मांडलेले निकष आजही वापरात आहेत: दिवसाला सहा किंवा अधिक वेळा रक्तमिश्रित शौच, आणि सोबत ताप, ९० च्या वर नाडी, १०.५ च्या खाली हिमोग्लोबिन, ३० च्या वर ईएसआर यांपैकी काही. ईएसआरच्या जागी आता अनेक ठिकाणी सीआरपी ३० घेतात.

तिसरा दिवस कळीचा. ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी १९९६ मध्ये दाखवलं की शिरेतून स्टेरॉइड दिल्यावर तिसऱ्या दिवशी आठहून जास्त वेळा शौच होत असेल, किंवा तीन ते आठ वेळा आणि सीआरपी ४५ च्या वर असेल, तर ८५ टक्के रुग्णांना त्याच मुक्कामात मोठं आतडं काढावं लागलं. तेव्हा कोलायटिससाठी इन्फ्लिक्सिमॅब वापरात नव्हतं, आता चित्र बदललं आहे. पण तिसऱ्या दिवशी थांबून ‘स्टेरॉइड पुरेसं आहे का?’ हे विचारण्याची शिस्त तिथून आली. तुम्हीही त्या दिवशी राउंडवरच्या डॉक्टरांना तोच प्रश्न जरूर विचारा.

सीआरपीपेक्षा चांगला नवा मार्कर आहे का?

एलआरजी हे प्रथिन आश्वासक आहे. जपानमध्ये ते २०२० पासून नियमित तपासणीत आहे. सीआरपी बहुतांशी इंटरल्यूकिन-६ वर अवलंबून, एलआरजी इतर संदेशांनीही वाढतं, म्हणून सीआरपी गप्प असलेल्या काही रुग्णांत ते बोलतं. इतर ठिकाणी अजून सहज मिळत नाही. मिळत नसेल तर हळहळू नका, कॅलप्रोटेक्टिन आहे.

औषधाची रक्तातली पातळी कशासाठी मोजतात?

दाह वाढलाय हे सीआरपीने सांगितलं, पण का वाढलाय? इन्फ्लिक्सिमॅब किंवा अॅडॅलिम्युमॅब चालू असेल तर पुढच्या डोसच्या अगदी आधी रक्त काढून पातळी आणि औषधाविरुद्धची प्रतिपिंडं बघतात. पातळी कमी आणि प्रतिपिंडं नाहीत, तर डोस वाढवून बघता येतो. प्रतिपिंडं भरपूर असतील तर बहुधा औषध बदलावं लागतं. पातळी उत्तम असूनही दाह आहे, तर वेगळ्या मार्गाने काम करणारं औषध हवं. डोस झाल्यावर दोन दिवसांनी काढलेल्या रक्ताचा या कामी उपयोग नाही, तेव्हा तारीख सांभाळा.

गरोदरपणात कुठले आकडे धरायचे?

ईएसआर सोडूनच द्या. हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन नैसर्गिकरीत्याच उतरतात. सीआरपी सावधपणे वाचावा. कॅलप्रोटेक्टिन बऱ्यापैकी भरवशाचं राहतं.

उपाशीपोटी जायचं का?

सीआरपी, ईएसआर, सीबीसी, अल्ब्युमिन यांना गरज नाही. लोहाच्या तपासण्यांसाठी सकाळी जाणं बरं, आणि त्या दिवशीची लोहाची गोळी रक्त दिल्यानंतर घ्या.

सगळं शांत असताना किती वेळा तपासायचं?

आजार शांत असताना रक्तक्षयासाठी सहा ते बारा महिन्यांतून एकदा, आजार चालू असताना निदान तीन महिन्यांतून एकदा. अॅझाथायोप्रिन नवीन असेल तर सुरुवातीचे आठवडे वरचेवर सीबीसी आणि यकृताच्या तपासण्या, पुढे दर तीन महिन्यांनी. त्या औषधासाठी आहेत, आतडं शांत आहे म्हणून त्या टाळायच्या नाहीत. रक्त देताना कागदाच्या कोपऱ्यात तारखेशेजारी त्या आठवड्यात दिवसाला किती वेळा शौच होत होतं, रक्त होतं का, कुठलं औषध कितव्या डोसला होतं, हे लिहून ठेवा. वर्षभराने सीआरपीचा १२ हा आकडा समोर येतो, तेव्हा त्याचा अर्थ लावायला डॉक्टरांना बहुतेक वेळा हीच ओळ लागते.